सॉफ्टवेअर कुठून आणलं? दुकानाच्या कॉम्प्युटरचाही सप्लायर नीट निवडा



मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या कुणालाही विचारा, "मिरची कुठून आणता?" लगेच उत्तर मिळतं. ब्याडगी अमुक व्यापाऱ्याकडून, गुंटूर तमुककडून. देठासकट की बिनदेठाची, ओल किती, सगळं तोंडपाठ असतं. आता त्याच माणसाला विचारा, "दुकानाच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ जोडायचं जे सॉफ्टवेअर आहे, ते कुठून आणलं?" उत्तर येतं, "नेटवरून."

"नेटवरून" म्हणजे "मिरची बाजारातून आणली" असं झालं. कुठला बाजार? कुठला व्यापारी? माल खराब निघाला तर कुणाला पकडायचं?

हे मी तुम्हाला शिकवतोय खरा, पण काही वर्षांपूर्वी माझंही उत्तर हेच होतं. आणि त्याची किंमत मी मोजली आहे. आधी ते सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

माझ्या ऑफिसात काय झालं

महिन्याची १८ तारीख होती. २० तारखेला जीएसटीचा थ्री-बी भरायचा. बिलांच्या बऱ्याच पीडीएफ फाइल एकत्र करून सीएंना पाठवायच्या होत्या. मी ऑफिसातल्या मुलाला म्हटलं, "अरे, नेटवर फुकट काहीतरी मिळतं बघ, टाक आणि जोड." त्याने शोधलं. सगळ्यात वर जाहिरात होती, त्याखाली मोठं हिरवं 'डाउनलोड' बटण. त्याने दाबलं. दोन वेळा 'यस' विचारलं, दोन्ही वेळा 'यस' केलं. फाइल जोडल्या गेल्या. काम झालं म्हणून आम्ही चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिलांची एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतीच अक्षरं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप होता, पण पेनड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला लावून ठेवलेला. तोही गेला.

आमचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, हे सॉफ्टवेअर कुठून आणलं?" मला सांगता आलं नाही. मुलालाही आठवेना. काकांनी मग कॉम्प्युटरवरच्या बाकीच्या सॉफ्टवेअरची यादी काढली आणि एकेकावर बोट ठेवून तोच प्रश्न विचारला. एकवीसपैकी सहाच नावांचं उत्तर मला देता आलं.

पैसे दिले नाहीत. जुन्या ईमेलमधून आणि ग्राहकांकडून बिलं मागवून हिशेब पुन्हा उभा केला. रिटर्न उशिरा गेला, लेट फी भरली. पण खरं लागलं ते वेगळंच. ज्या ग्राहकांना मी 'शिस्त' शिकवत होतो, त्यांनाच फोन करून "तुमच्याकडचं माझं बिल पाठवता का?" असं विचारावं लागलं.

त्या मुलाला मी रागावलो होतो. नंतर लक्षात आलं, चूक त्याची नव्हती. कुठून आणायचं हे मीच ठरवून दिलेलं नव्हतं.

सॉफ्टवेअर आणायचे तीन रस्ते

पहिला रस्ता, बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरून स्वतः उतरवणं. वेबसाइट खरी असेल तर यात वाईट काही नाही. टॅलीसारखं सॉफ्टवेअर तुम्ही कंपनीच्याच साइटवरून घेता. पण साइट खरी की नक्कल, हे ओळखायची जबाबदारी पूर्ण तुमची. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी गोष्ट बऱ्याचदा जाहिरात असते, आणि जाहिरात पैसे देणाऱ्याची असते.

दुसरा रस्ता, ॲप स्टोअर. मोबाईलवर गूगल प्ले, आयफोनवर ॲपलचं ॲप स्टोअर, विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअर. हे सगळ्यांना माहीत आहे.

तिसरा रस्ता, सॉफ्टवेअर रिपॉझिटरी. लिनक्स वापरणारे प्रेमाने 'रेपो' म्हणतात. आपल्यातल्या बहुतेकांनी हा शब्द ऐकलेला नसतो, पण ही कल्पना ॲप स्टोअरपेक्षा जुनी आहे. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. त्याच्या नऊ वर्षं आधी, मार्च १९९९ मध्ये, डेबियन नावाच्या लिनक्सच्या २.१ आवृत्तीत 'ॲप्ट' हे साधन आलं. नाव टाइप करा, सॉफ्टवेअर भांडारातून येतं, त्याला लागणारे बाकीचे भागही सोबत येतात. आज आपण 'इन्स्टॉल' बटण दाबतो, त्याची ही आधीची पिढी.

स्टोअर म्हणजे मॉल, रेपो म्हणजे ग्राहक पंचायत

दोन्हींत फरक काय? आपल्या भाषेत सांगतो.

ॲप स्टोअर हा मॉल आहे. जागा एका मालकाची. कुणाला गाळा द्यायचा, भाडं किती घ्यायचं, कुणाची पाटी पुढे लावायची, हे मालक ठरवतो. मालक सुरक्षा ठेवतो, दारावर तपासणी करतो, पैसे देण्याची सोय करतो. ग्राहकाला सोयीचं आहे, यात वाद नाही.

रेपोसाठी मुंबई ग्राहक पंचायत डोळ्यांसमोर आणा. १९७५ पासून चाललेली संस्था. सभासद यादी देतात, संस्था एकत्रित खरेदी करते, माल पारखते आणि सभासदांच्या गटापर्यंत पोचवते. गाळे नाहीत, पाट्या नाहीत. मधे बसलेला माणूस विकणाऱ्याचा नसून घेणाऱ्यांचा असतो.

डेबियनच्या रेपोत हेच होतं. स्टोअरमध्ये सॉफ्टवेअर बनवणारा स्वतः आपला माल चढवतो आणि स्टोअर तो तपासतं. रेपोत बनवणारा आणि तुम्ही यांच्या मधे एक तिसरा माणूस असतो. त्याला पॅकेज मेंटेनर म्हणतात. तो सॉफ्टवेअरचा मूळ सोर्स कोड घेतो, त्याचं लायसन्स पाहतो, आपल्या लिनक्सशी जुळतं का ते बघतो आणि मग ते भांडारात ठेवतो. हे काम करणारे बरेचसे स्वयंसेवक असतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या भांडारात ६४ हजारांहून अधिक पॅकेज होती. त्यात लिबरऑफिस आहे, फोटोंसाठी गिंप आहे, लेबल डिझाइनसाठी इंकस्केप आहे, हिशेबासाठी ग्नूकॅश आहे. खातं उघडायचं नाही, कार्ड नंबर द्यायचा नाही.

माल बदलला नाही, हे कसं कळतं?

इथे बरेच जण विचारतात, "सर, फुकट आहे म्हणजे भेसळ असणारच की!"

रास्त शंका आहे. म्हणून सीलची पद्धत समजून घ्या. भांडारातल्या प्रत्येक फाइलचा गणिताने काढलेला एक ठसा असतो. एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. या सगळ्या ठशांची यादी असते आणि त्या यादीवर भांडाराची डिजिटल सही असते. ती सही तपासायची किल्ली तुमच्या कॉम्प्युटरवर आधीपासून असते. त्यामुळे फाइल कुठल्याही कॉलेजच्या किंवा कंपनीच्या सर्व्हरवरून आली, तरी तुमचा कॉम्प्युटर आधी सही बघतो, मग ठसा जुळवतो. जुळला नाही तर बसवायला नकार देतो. ट्रकवाला कोणीही असो, सील तुटलेलं पोतं आपण उतरवून घेत नाही. तसंच हे.

ॲप स्टोअरमध्येही डिजिटल सही असते. सहीच्या बाबतीत दोन्ही पक्के आहेत. फरक आहे तो सही करण्याआधी माल कुणी, कशासाठी पारखला, यात.

खरा फायदा: अपडेट

बसवणं एकदाच असतं. अपडेट मात्र कायमचं. आणि लहान व्यावसायिक मार खातो तो बहुतेक इथेच.

मे २०१७ मधला 'वॉनाक्राय' आठवतोय? जगभरात हॉस्पिटलपासून कारखान्यांपर्यंत कॉम्प्युटर बंद पडले होते. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. म्हणजे दोन महिने आधी! औषध घरात होतं, घेतलं नव्हतं.

वेबसाइटवरून एकेक करून आणलेल्या वीस सॉफ्टवेअरचे अपडेट वीस ठिकाणी. कुणाला वेळ आहे? स्टोअर आणि रेपो दोन्ही हे काम एका जागी आणतात. मोबाईलवर प्ले स्टोअर आपोआप करतं. उबंटू किंवा डेबियनवर 'ॲप्ट अपडेट' आणि मग 'ॲप्ट अपग्रेड' अशा दोन आज्ञा, किंवा अपडेटच्या खिडकीत एक बटण, आणि रेपोतून घेतलेलं सगळं ताजं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमसकट! उबंटूच्या 'एलटीएस' आवृत्तीला पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. डेबियनसारख्या ठिकाणी सुरक्षेची दुरुस्ती येते, पण सॉफ्टवेअरचा तोंडवळा मधेच बदलत नाही. बिलिंगच्या गर्दीत एक दिवस अचानक बटणं दुसरीकडे गेली, असं होत नाही.

विंडोजवालेही उपाशी नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये 'विंगेट'ची पहिली पक्की आवृत्ती दिली. हा रेपोसारखाच प्रकार. तो सॉफ्टवेअर शक्यतो मूळ बनवणाऱ्याच्या जागेवरून आणतो आणि आधी नोंदवलेल्या ठशाशी ताडून पाहतो. व्हीएलसी, सेव्हन-झिप, लिबरऑफिस अशा गोष्टी त्यातून येतात. त्या हिरव्या बटणाची गरजच उरत नाही.

स्टोअरवर धंदा उभा करणार असाल तर

आपल्यातले काही जण स्वतःचं ॲप काढायच्या विचारात आहेत. टिफिन सर्व्हिसचं, क्लासचं, शेतमालाचं. त्यांनी मॉलचं भाडं आधी समजून घ्यावं.

गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. ॲपमधून डिजिटल वस्तू विकली तर नेहमीचं कमिशन ३० टक्के. २०२१ पासून दोघांनी लहान व्यावसायिकांसाठी ते १५ टक्क्यांवर आणलं. गूगलकडे वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत हा दर लागतो. डबा किंवा भाजी अशी प्रत्यक्ष वस्तू विकलीत तर हे कमिशन लागत नाही. पण क्लासचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ ॲपमधून विकलेत, तर लागू शकतं. ३०० रुपयांच्या कोर्सवर १५ टक्के म्हणजे ४५ रुपये. हे किमतीत धरलंय का?

आणि भाड्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे किल्ली. १८ सप्टेंबर २०२० रोजी पेटीएमचं ॲप काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून काढलं गेलं होतं. मार्च २०२४ च्या सुरुवातीला शुल्काच्या वादावरून गूगलने नोकरी, भारत मॅट्रिमोनी अशा नावाजलेल्या भारतीय कंपन्यांची ॲप काढली. सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत ती परत आली. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद बाजूला ठेवा. तुम्ही एवढंच विचारा, "माझं ॲप उद्या काढलं तर माझ्यासाठी कोण फोन करणार?"

म्हणून ॲप काढा, पण ग्राहकांचे नंबर स्वतःच्या वहीत ठेवा. साधी वेबसाइट ठेवा. मॉलमध्ये गाळा घेतला म्हणून घरचा पत्ता कुणी पुसून टाकत नाही.

रेपो म्हणजे देवघर नाही

एकच बाजू सांगितली तर ती जाहिरात होईल. रेपोच्या मर्यादाही ऐका.

एक, आपल्या धंद्यातली बरीच सॉफ्टवेअर तिथे नसतात. टॅली विंडोजवर चालतं. बिलाचा थर्मल प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, वजनकाटा हे लिनक्सवर चालतात का, ते आधी तपासावं लागतं.

दोन, स्थिर रेपोतली आवृत्ती थोडी जुनी असते. नवं फीचर लगेच हवं असणाऱ्याला ते खटकतं.

तीन, कुणीतरी व्हिडिओत सांगितलं म्हणून अनोळखी माणसाचा रेपो आपल्या यादीत जोडलात, तर पुन्हा "नेटवरून" तिथेच आलात. भांडार चांगलं असतं ते सांभाळणाऱ्यामुळे. 'रेपो' या नावात जादू नाही.

चार, पारखणाराही फसू शकतो. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या, फाइल लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. त्या प्रकल्पात बराच काळ विश्वास कमावलेल्या एका खात्यावरून तो घुसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, अशी शंका आली आणि त्याने मुळापर्यंत खणलं. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या भांडारात पोचली होती. स्थिर भांडारात, जे आपण दुकानात वापरू, तिथे पोचली नव्हती. यातून मी धडा घेतला तो असा: दुकानाच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात नवं नको, तावून सुलाखून निघालेलं हवं.

स्टोअरमध्येही हुबेहूब नावाची नकली ॲप घुसतात आणि नंतर काढली जातात. म्हणून कर्जाचं किंवा बँकेचं ॲप घेताना नाव वाचून थांबू नका. बनवणाऱ्याचं नाव बघा. शक्यतो बँकेच्या अधिकृत वेबसाइटवरच्या लिंकवरूनच स्टोअरमध्ये जा.

काउंटरवरचा मोबाईल: सगळ्यात मोठा धोका

कॉम्प्युटरचं एवढं बोललो, पण तुमचं यूपीआय कुठे आहे? मोबाईलवर. आणि त्याच मोबाईलवर व्हॉट्सॲप बिझनेस.

हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, वाहनाचं ई-चलन येतं, बँकेचं केवायसी येतं. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं! स्टोअर नाही, रेपो नाही, कुणी पारखलेलं नाही. बसवलं की ते तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि एसएमएसमध्ये ओटीपी असतो. पोलिसांनी याबद्दल अनेकदा इशारे दिले आहेत. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, पत्रिकेला 'इन्स्टॉल' करावं लागत नाही. एवढं एक वाक्य दुकानातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्या.

ज्यांना मोबाईलवरही रेपोच हवा, त्यांच्यासाठी अँड्रॉइडवर 'एफ-ड्रॉइड' आहे. तो २०१० पासून चालतो आणि त्यात फक्त मुक्त स्रोत ॲप असतात. पण काउंटरच्या मोबाईलसाठी माझा सल्ला साधा आहे: फक्त प्ले स्टोअर, आणि 'अनोळखी ॲप बसवणं' ही परवानगी बंद.

या रविवारी करायचं काम

वाचून सोडू नका. एक वही घ्या, पाच रकाने आखा.

१. सॉफ्टवेअरचं नाव.
२. कुठून आणलं: स्टोअर, रेपो, कंपनीची साइट, की "माहीत नाही".
३. कशासाठी लागतं आणि कोण वापरतं.
४. शेवटचा अपडेट कधी केला.
५. उद्या हे बंद पडलं तर पर्याय काय.

दुसऱ्या रकान्यात "माहीत नाही" आलं, की ते सॉफ्टवेअर काढा. खरंच लागत असेल तर स्टोअरमधून, विंगेटने किंवा कंपनीच्या साइटवरून पुन्हा आणा.

आता अपडेटचा वार ठरवा. तुमच्या गावात बाजार ज्या दिवशी बंद असतो, तो दिवस उत्तम. आधी बॅकअप घ्या, बॅकअपची ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा (माझी चूक आठवा), मग अपडेट करा, मग एक बिल छापून बघा. महिन्याच्या १८, १९, २० तारखेला मोठा अपडेट करू नका.

आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे, त्यांनी लक्षात घ्या, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नसेल आणि त्यावरचं काम फक्त ईमेल, ब्राउझर, कोटेशन आणि पत्रं एवढंच असेल, तर भंगारात काढण्याआधी उबंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. न बसवताही बघता येतं. लिबरऑफिस मराठीतही चालतं. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत आहेत, तेही मोफत.

शेवटी

माझ्या ऑफिसात आता ती वही काउंटरवरच असते. तोच मुलगा ती सांभाळतो. मागच्या महिन्यात मी घाईत होतो, कुणीतरी पाठवलेली लिंक उघडून एक व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर टाकायला निघालो. तो म्हणाला, "सर, दुसऱ्या रकान्यात काय लिहू?"

मी लिंक बंद केली. रेपोत शोधलं, तसंच सॉफ्टवेअर तिथे होतं.

तुमच्या वहीत किती "माहीत नाही" निघाले, ते मला नक्की कळवा. लाजू नका, माझे पंधरा निघाले होते.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत धंदा नेटाने करा, पण "नेटवरून" काही आणू नका!